मिनी ट्रॅक्टरसाठी जुना रोटाव्हेटर: पारख आणि देखभाल

अठरा ते अठ्ठावीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर दारात आला की लगेच रोटाव्हेटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचा विषय निघतो. द्राक्षाच्या दोन ओळींमधलं तण, डाळिंबाच्या बागेतली मशागत, उसातली आंतरमशागत, भाजीपाल्याचे बेड पाडण्याआधी भुसभुशीत केलेली माती, सगळ्याला तोच लागतो. ट्रॅक्टरचे हप्ते सुरू असताना नवा रोटाव्हेटर झेपत नाही, म्हणून माणूस जुना शोधायला लागतो. जुने मिळतातही भरपूर. कुणी बाग तोडलेली असते, कुणी मिनी विकून मोठा ट्रॅक्टर घेतलेला असतो, कुणी भाड्याने मशागत करण्याचं काम थांबवलेलं असतं.

जुना घेण्यात काहीच कमीपणा नाही. नीट पारखून घेतला तर तो कितीतरी हंगाम बिनतक्रार चालतो. अडचण पारखण्यात आहे. गिऱ्हाईक पात्यांकडे आणि रंगाकडे बघतं. पाती नवी दिसली की खूश, झिजलेली दिसली की भाव पाडायला सुरुवात. खरं तर पाती झिजण्यासाठीच असतात, ती बदलणं म्हणजे पाना घेऊन बसण्याचं काम. जुन्या रोटाव्हेटरची खरी किंमत ठरते ती गिअरबॉक्स, साइड ड्राइव्ह (रोटरला फिरवणारा कडेचा डबा) आणि रोटरची, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या नळीची दोन टोकं या तीन जागी. झिजलेली पाती चालतील, झिजलेला गिअरबॉक्स चालत नाही. या लेखातलं बाकी सगळं या एका वाक्याभोवती आहे.

आधी आपला ट्रॅक्टर मोजा

रोटाव्हेटर बघायला जाण्याआधी टेप घेऊन आपल्या ट्रॅक्टरची मापं घ्या. मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर किती, हे पहिलं माप. रोटाव्हेटर त्याहून थोडा तरी रुंद हवा. अरुंद घेतला तर एका किंवा दोन्ही चाकांचा दाबलेला पट्टा तसाच मागे राहतो, आणि तिथली जमीन दर पाळीला आणखी घट्ट होत जाते. दुसऱ्या बाजूने बागेची मर्यादा आहे. द्राक्षात आठ-नऊ फुटांवर ओळ असली तरी दोन्हीकडचे बोद, ड्रिपच्या नळ्या आणि मुळांसाठी सोडायची जागा वजा केली की मधे चार-साडेचार फूटच मोकळे उरतात. म्हणून बागायतदारांकडे तीन ते चार फुटी रोटाव्हेटर जास्त दिसतात.

मग ताकद. भारी काळ्या जमिनीत एका फुटाला पाच ते सात एचपी लागतात असा ढोबळ हिशेब धरला तरी पुरे. १५ ते १८ एचपीला तीन फुटी, २४ ते २८ एचपीला चार फुटी. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो. पीटीओपर्यंत, म्हणजे अवजाराला फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातले दहा-पंधरा टक्के वाटेतच खर्च होतात. हलक्या मुरमाड रानात थोडा मोठा आकार खपून जातो. चिकट रानात ट्रॅक्टर काळा धूर सोडतो आणि क्लच जळतो.

रुंदी सारखी असली तरी वजनात मोठा फरक पडतो. एकाच रुंदीचा रोटाव्हेटर मिनी ट्रॅक्टरसाठी हलक्या बांधणीत येतो आणि मोठ्या ट्रॅक्टरसाठी जाड पत्र्यात, मोठ्या गिअरबॉक्ससह. मोठ्या ट्रॅक्टरचा मजबूत माल स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा मोह होतो. मिनीची लिफ्ट तो कदाचित उचलेलही, पण उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात. बांधाच्या चढावर पुढची चाकं जमीन सोडायला लागली की स्टिअरिंगचा उपयोग राहत नाही. असा जड नग घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी.

जोडणीची मापंही घ्या. अवजार ट्रॅक्टरला तीन जागी जोडणाऱ्या थ्री पॉइंट लिंकेजच्या खालच्या दोन पिना मिनी ट्रॅक्टरला बहुधा २२ मिलिमीटरच्या असतात आणि टॉप लिंकची १९ ची. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला खाली २८ ची पिन असते. मोठ्या भोकात बुश घालून लहान पिन बसवता येते, ते चालतं. लहान भोक मोठं करत गेलात तर कडेचं लोखंड कमी होतं आणि भोकाचा तो कान कधीतरी फाटतो. खालच्या दोन आर्ममधलं अंतरही मोजा, कारण मिनी ट्रॅक्टरची मागची बाजू अरुंद असते. पीटीओचा दांडा बहुतेक ठिकाणी सहा खाचांचा आणि एक इंच तीन सूत जाडीचा, म्हणजे ३५ मिलिमीटरचा असतो. तरीही आपल्या ट्रॅक्टरच्या खाचा मोजूनच जा.

फेऱ्यांचा मुद्दा इथेच सांगतो. रोटाव्हेटर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनवलेला असतो. काही मिनी ट्रॅक्टरांना ५४० च्या जोडीला जास्त फेऱ्यांचा दुसरा पीटीओही असतो. माती आणखी बारीक होईल म्हणून त्यावर रोटाव्हेटर लावणारे आहेत, आणि त्यांच्या गिअरबॉक्सचं आयुष्य लवकर संपतं.

ताकद कुठून कुठे जाते

रोटाव्हेटरची रचना एकदा डोळ्यांसमोर आली की कुठे काय बिघडतं ते आपोआप कळतं. पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरकडून फिरणं घेऊन येतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस (वळते सांधे) असतात, त्यामुळे रोटाव्हेटर वर-खाली झाला तरी फिरणं थांबत नाही. हा शाफ्ट मधल्या गिअरबॉक्समध्ये शिरतो. तिथे क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर काटकोनात वळण देतात आणि फेरे कमी करतात. तिथून एक आडवा दांडा कडेच्या डब्यात जातो. त्या डब्यात चेन असते किंवा गिअरांची रांग. ती खाली रोटरला फिरवते. रोटरवर फ्लँज (लोखंडी चकत्या), फ्लँजवर पाती. ५४० चे फेरे रोटरपर्यंत येताना साधारण २०० च्या आसपास उतरतात.

इंग्रजी एलच्या आकाराचं पातं आपल्याला इतकं सवयीचं झालंय की ते कुणीतरी शोधून काढलं असेल असं वाटतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या गिलगँड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टरच्या जोरावर फिरणारी मशागत करून पाहिली. त्याच्या पहिल्या यंत्रात माती बाजूला फेकली जायची. लहान व्यासाच्या रोटरवर अंतराअंतराने फ्लँज लावून त्यावर एल आकाराची पाती बसवल्यावर ती अडचण सुटली. आजचा आपला रोटाव्हेटर मूळ त्याच रचनेवर उभा आहे.

आता एक छोटा हिशेब, कारण जुना रोटाव्हेटर पाहताना तो उपयोगी पडतो. समजा रोटर मिनिटाला २०० फेरे घेतोय आणि ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चाललाय. ताशी ३ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५० मीटर, म्हणजे रोटरच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर २५ सेंटिमीटर पुढे सरकतो. फ्लँजच्या एका अंगाला तीन पाती असतील तर त्या २५ सेंटिमीटरचे तीन काप होतात, प्रत्येक आठ-साडेआठ सेंटिमीटरचा. एका अंगाला दोनच पाती असतील तर काप साडेबारा सेंटिमीटरचा. ढेकळं मोठी निघतात ती यामुळे. तीनपैकी एक पातं तुटलेलं असेल तर त्या जागी एक काप दुप्पट मोठा पडतो आणि पाळीमागे ढेकळांची एक सलग रांग दिसते. उलट, ट्रॅक्टर एक गिअर खाली टाकून ताशी २ किलोमीटरने चालवला तर त्याच यंत्राचा काप साडेपाच सेंटिमीटरवर येतो. म्हणजे माती बारीक करायची असेल तर आधी ट्रॅक्टरचा वेग कमी करायचा. पीटीओचे फेरे वाढवायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून कळते. साधारण ४५ सेंटिमीटर व्यासाच्या रोटरवर पात्याचं टोक ताशी १७ किलोमीटरच्या आसपास धावत असतं आणि ट्रॅक्टर ३ ने. पाती जमिनीला मागे ढकलतात, म्हणून रोटाव्हेटर ट्रॅक्टरला पुढे लोटतो. कडक जमिनीत पाती आत न शिरता वरच उड्या मारू लागली की हा धक्का एकदम जाणवतो.

पाहायला गेल्यावर

शक्यतो दिवसाउजेडी जा, आणि रोटाव्हेटर विकणाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडलेला असेल तेव्हा जा. सोबत मोबाइलचा टॉर्च, एक पहार, पाना, खडू आणि जुनं फडकं एवढं पुरतं. उचललेल्या रोटाव्हेटरखाली हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली आपल्या खिशात आणि खाली लाकडी ओंडके, हे झाल्याशिवाय पुढे काहीच करू नका. लिफ्टचं ऑइल कधी सुटेल हे सांगता येत नाही, आणि जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट हळूहळू खाली बसतेच.

सुरुवात रोटरच्या टोकांपासून करा. पाहणीतली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. बागेत वापरलेल्या रोटाव्हेटरच्या रोटरला ड्रिपच्या नळीचे तुकडे, सुतळी, मल्चिंगचा कागद आणि लांब गवत गुंडाळलेलं असतं. ते फिरत फिरत टोकाकडे सरकतं आणि बेअरिंगच्या तोंडाशी घट्ट आवळून बसतं. वरून मातीचा लेप बसलेला असल्याने काही दिसत नाही. खरवडून पाहा. आतून काळी, वितळून कडक झालेली प्लॅस्टिकची रिंग निघाली तर समजा की तिथलं ऑइल सील कापलं गेलंय किंवा कापलं जाण्याच्या बेतात आहे. सील गेलं की ऑइल बाहेर आणि माती आत. मग बेअरिंग, आणि बेअरिंगनंतर दांडा. सील स्वस्त मिळतं, पण ते गेल्याचं उशिरा कळलं तर खर्च दांड्यापर्यंत पोचतो.

आता पहार रोटरखाली घालून टोकाजवळ वर-खाली हलवा. बेअरिंग चांगलं असेल तर जवळपास काहीच हालचाल जाणवत नाही. खटखट वाजलं तर बेअरिंग गेलं. दोन्ही टोकांना हे करा, कारण साइड ड्राइव्हच्या विरुद्ध बाजूचं बेअरिंग अनेकदा दुर्लक्षित असतं.

मग रोटर वाकला आहे का ते पाहायचं. फ्रेमवरच्या एका ठिकाणी खडूने खूण करा आणि रोटर हाताने हळूहळू फिरवत रोटरची नळी आणि ती खूण यांतलं अंतर पाहत जा. अंतर कमी-जास्त होत असेल तर रोटरने कधीतरी मोठा दगड खाल्लेला आहे. वाकलेला रोटर थरथरतो, आणि ती थरथर बेअरिंगांना आणि फ्रेमच्या जोडांना खाते. फ्लँजवरची बोल्टची भोकंही पाहा. ती गोल असायला हवीत. लांबट झाली असतील तर यंत्र सैल बोल्टांवर बराच काळ चाललेलं आहे. नवा बोल्ट घातला तरी पातं तिथे हलतच राहणार.

गिअरबॉक्सकडे या. इनपुट दांडा हातात धरून पुढे-मागे ओढा, वर-खाली दाबा. मग तो हाताने डावी-उजवीकडे फिरवून रोटर कधी हलायला लागतो ते पाहा. थोडी मोकळीक सगळ्याच गिअरांना असते. पण दांडा पाव फेरा फिरेपर्यंत रोटर जागचा हलत नसेल, तर दात झिजलेत किंवा कुठली तरी खाच खाल्ली गेली आहे. दात दिसले तर उत्तमच. बऱ्याच मॉडेलांत मागचं झाकण चार-सहा बोल्ट काढून उघडता येतं, आणि मल्टिस्पीड गिअरबॉक्समध्ये तिथेच गिअरांची जोडी बदलायची सोय असते. बॅटरी मारून दात पाहा: कडा धारदार झाल्यात का, अंगावर बारीक खड्डे पडलेत का, एखादा दात टोकाला तुटलाय का. झाकण उघडू देणारा विक्रेता बहुधा प्रामाणिक असतो. नकार दिला तर भावात त्याची किंमत धरा.

ऑइल काढून पाहणं हा त्याच तपासणीचा दुसरा भाग. विकण्याआधी बऱ्याच जणांनी ऑइल बदललेलं असतं, त्यामुळे वरचं पिवळंधमक ऑइल पाहून समाधान मानू नका. खालचा ड्रेन बोल्ट सोडून पहिले चार थेंब फडक्यावर घ्या आणि बोटांत चोळा. करडा-दुधी रंग म्हणजे आत पाणी गेलंय. बारीक चंदेरी चकाकी चालते, ती दातांच्या सामान्य झिजेची असते. पण टोचणारे कण किंवा कीस हाताला लागला तर दात तुटायला लागलेत. कडेच्या डब्याचं ऑइलही असंच तपासा, त्याकडे कुणीच बघत नाही.

फ्रेमवर ताजा रंग दिसला तर संशय घेणं योग्यच आहे. चिरा पडतात त्या ठरलेल्या जागी: टॉप लिंक जोडणाऱ्या घोडीच्या पायथ्याशी, खालच्या पिनांच्या पट्ट्यांवर आणि कडेच्या पत्र्याच्या कोपऱ्यांत. तिथे वेल्डिंगचे एकावर एक थर असतील तर चीर पुन्हा पुन्हा आलेली आहे. एकदाच, नीट, आतून पट्टी देऊन केलेलं वेल्डिंग असेल तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच जुन्या रोटाव्हेटरला ते असतंच आणि तो काम उत्तम देतो.

शेवटी चालवून पाहा. रोटाव्हेटर जमिनीपासून वीतभर उचलून पीटीओ आधी कमी फेऱ्यांवर, मग ५४० वर. यावेळी मागे किंवा खाली कुणी उभं राहू नये, बाजूला लांब उभं राहून ऐका. सलग घोंगावणारा आवाज चालतो. ठराविक अंतराने टकटक ऐकू आली तर तुटका दात किंवा ढिली चेन, आणि कर्कश घासल्यासारखा आवाज म्हणजे कोरडं बेअरिंग. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं बंद करा, किल्ली काढा आणि मग गिअरबॉक्स आणि दोन्ही टोकांना हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट असणं ठीक. एकच टोक चटका देत असेल तर दोष त्याच टोकाला आहे.

चेन की गिअर

हा प्रश्न हमखास विचारला जातो. माझं मत सांगतो: दगडगोट्यांच्या रानात गिअर ड्राइव्ह घ्या, भुसभुशीत बागेत चेन असली तरी हरकत नाही. चेन हलकी असते, स्वस्त असते आणि गावातच बदलता येते, पण ती ताणली जाते. तिचा ताण वेळोवेळी पाहावा लागतो, आणि ढिली चेन डब्याला आतून घासते. गिअर ड्राइव्ह जड असतो, एरवी त्याच्याकडे पाहायचीही गरज पडत नाही, पण ऑइल संपलेलं लक्षात आलं नाही तर सगळी रांग एकदम जाते. जुना घेताना चेनचा डबा उघडून दात असलेल्या चक्राची टोकं बघा. ती हुकासारखी वळलेली असतील तर फक्त चेन बदलून भागणार नाही, चक्रंही बदलावी लागतील.

भाव कसा लावायचा

त्याच मापाच्या नव्या रोटाव्हेटरचा आजचा भाव डीलरकडून विचारून घ्या. मग जुन्यात काय काय घालावं लागणार याची यादी करा: पात्यांचा पूर्ण सेट बोल्टांसह, रोटरची दोन्ही सीलं आणि बेअरिंगं, पीटीओ शाफ्टचे क्रॉस, ऑइल, वेल्डिंगची मजुरी. हा खर्च आणि विक्रेत्याचा भाव मिळून नव्याच्या दोन तृतीयांशापुढे जात असेल तर मी तरी नवाच घेईन. क्राऊन-पिनियन गेलेलं असेल तर हिशेबच सोडा. त्या जोडीची किंमत, मजुरी आणि सुटा भाग येईपर्यंत हातचा गेलेला वापसा (मशागतीजोगी ओल), तिन्ही मिळून स्वस्त माल महाग होतो.

पीटीओ शाफ्ट सोबत मिळतोय का, हे आधी विचारा. सौदा ठरल्यावर "शाफ्ट वेगळा" असं ऐकायला मिळणं नवीन नाही.

कागदांचंही पाहा. रोटाव्हेटरला आरसी बुक नसतं, त्यामुळे मूळ बिल हाच मालकीचा पुरावा. नंबर प्लेटवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळतो का, ते स्वतः बघा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदानात घेतलेलं अवजार असेल तर ते ठराविक मुदतीपर्यंत विकायचं नाही अशी अट असते. मुदत संपली का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून घ्या. साध्या कागदावर का होईना, तारीख, क्रमांक, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेली पावती करून घ्या.

घरी आणल्यावर पहिला दिवस

जुना रोटाव्हेटर आला की थेट शेतात नेऊ नका. आधी धुवा, तोही बागेपासून लांब. याचं कारण रंगरूप नाही. डाळिंबाच्या मर रोगाची बुरशी मातीतून पसरते, आणि रोगट बागेत चाललेल्या रोटाव्हेटरला चिकटलेली मूठभर माती पुरते. हराळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठीही अशाच येतात. फ्लँजच्या खाचा, मागच्या फळीची आतली बाजू आणि स्किडच्या (कडेच्या घसरपट्टीच्या) वरचा कोपरा, इथली माती खरवडून काढा आणि मग पाण्याचा फवारा मारा.

गिअरबॉक्स आणि कडेचा डबा दोन्ही रिकामे करून नवं ऑइल भरा. ९० नंबर की १४०, हे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. पातळी दाखवणाऱ्या बोल्टपर्यंतच भरायचं, जास्त नाही. आणि आता एक लहानशी गोष्ट, जिच्याकडे फार थोडे लोक बघतात. गिअरबॉक्सच्या वर एक छोटा श्वास सोडायचा प्लग असतो. आतलं ऑइल तापलं की हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. हे भोक मातीने बुजलेलं असेल तर हवेचा दाब सीलांवर येतो आणि ऑइल सीलमधून गळायला लागतं. लोक सील बदलतात, पंधरा दिवसांत पुन्हा गळतं, मग दुकानदाराला नावं ठेवतात. तारेने ते भोक मोकळं करा, डिझेलने धुवा. गळतीच्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. त्यानंतरही गळत असेल तर सील बसतं त्या जागी दांड्यावर नखाने चाचपून बघा. खाच लागली तर नवं सील तिथे टिकणार नाही. सील दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवून बसवता येतं का ते पाहा, नाहीतर लेथवाल्याकडून बारीक स्लीव्ह चढवून घ्या.

पाती बदलताना सगळी एकदम काढू नका. रोटरवर पाती गोलाकार जिन्यासारखी चढत्या क्रमाने लावलेली असतात, म्हणजे एका वेळी एक-दोनच जमिनीवर आदळतात आणि ट्रॅक्टरवर झटका येत नाही. सगळी काढली की हा क्रम विसरतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि एक काढून एक लावा. डावं-उजवं सांभाळा, ताशीव धार आधी जमिनीत शिरेल अशी दिशा ठेवा. उलटं लागलेलं पातं माती कापत नाही, तिला पाठीने झोडपतं, आणि त्या एका पात्यासाठी डिझेल जास्त जळतं. अगदी टोकाच्या दोन फ्लँजवरची पाती आतल्या अंगाला वळलेली हवीत. बोल्ट हाय टेन्साइलच (जास्त ताण सोसणारे) घ्या आणि पहिल्या तास-दोन तासांच्या कामानंतर सगळे पुन्हा आवळा, कारण नवा बोल्ट एकदा बसून ढिला होतोच. झिजलेल्या पात्याला वेल्डिंगने तुकडा जोडून लांबी वाढवायची पद्धत दिसते, ती सोडा. पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा उतरतो, वजन असमान होतं आणि तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो.

शाफ्टची लांबी तपासा, कारण तो दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मापाने कापलेला असणार. रोटाव्हेटर वर-खाली करून पाहा. आत-बाहेर सरकणाऱ्या दोन नळ्या कुठल्याही स्थितीत एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी अडकलेल्या राहिल्या पाहिजेत, आणि पूर्ण आत जाऊन टेकताही कामा नयेत. टेकल्या तर सगळा दाब ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर जातो, आणि ते काम रोटाव्हेटरपेक्षा महाग आहे. मधल्या नळ्यांच्या आतल्या बाजूचे दोन्ही काटे एका रेषेत आहेत ना, तेही बघा. खोलून पुन्हा जोडताना ते चुकतात आणि शाफ्ट थरथरायला लागतो.

शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्या जागी जाडजूड हाय टेन्साइल बोल्ट ठोकणारे बरेच आहेत. तो बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो. पात्यात दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. न तुटणारा बोल्ट घातला की तोच झटका क्राऊन-पिनियन खातं. पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचे आणि दर्जाचे चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच (जोर जास्त झाला की घसरणारा) असेल तर बरेच महिने पडून राहिल्यावर त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात, स्प्रिंगा सैल करून तो एकदा घसरवून पुन्हा आवळावा लागतो.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटलेलं असेल तर पहिल्या दिवशीच नवं घाला. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरचा टॉवेल, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर अडकला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरवर वजन म्हणून माणूस किंवा पोराला उभं करायची पद्धत गावोगाव आहे. वजन हवं असेल तर मातीच्या गोण्या बांधा.

रोजचं आणि हंगामाचं

दोन्ही क्रॉसना रोज काम सुरू करताना ग्रीस, नव्याने थोडं बाहेर डोकावेपर्यंत. आठवड्यातून एकदा शाफ्टच्या नळ्यांनाही. संध्याकाळी पाच मिनिटं काढून रोटरला गुंडाळलेली सुतळी आणि नळ्यांचे तुकडे विळ्याने कापून टाका, इंजिन बंद करून. रोटरची सीलं वाचवणारं याहून मोठं काम दुसरं नाही. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) बागेत जाण्याआधी तुटलेल्या ड्रिपच्या नळ्या आणि जुन्या बांधणीच्या सुतळ्या वेचून घेतल्या तर हे काम निम्मं होतं.

बांधाजवळ वळताना रोटाव्हेटर गरजेपुरताच उचला. पूर्ण वर उचलून पीटीओ चालू ठेवला की क्रॉस फार तिरपे होतात आणि खडखड करू लागतात. पूर्ण उचलायचाच असेल तर पीटीओ बंद करा. रोटाव्हेटर जमिनीत रुतलेला असताना ट्रॅक्टर आडवा वळवणं तर टाळाच, फ्रेमच्या चिरा तिथूनच सुरू होतात. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. क्लच दाबला की रोटरही थांबतो. अशा वेळी पुन्हा निघताना रोटाव्हेटर आधी थोडा उचलून घ्या, फिरायला लागला की खाली सोडा.

वापसा आल्याशिवाय मारू नका. ओल्या काळ्या मातीत पाती कापण्याऐवजी लिंपतात, खालचा थर गुळगुळीत होऊन घट्ट बसतो आणि पाणी झिरपायचं थांबतं. कोरड्या ठक्क जमिनीत पाती झपाट्याने झिजतात आणि वर धूळ तयार होते, जी पहिल्या पावसात पापडी धरते. वर्षानुवर्षं चार-पाच इंचांवरच रोटाव्हेटर फिरवत राहिलात तर त्याखाली तवा, म्हणजे मातीचा घट्ट थर तयार होतो. दोन-तीन वर्षांतून एकदा तरी खोल फणाचं अवजार लावून तो फोडावा लागतो, तेही मुळं सांभाळून. हराळी आणि लव्हाळा असलेल्या पट्ट्यात रोटाव्हेटर घालायचाच नाही. कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवा फुटवा धरतो. आधी तिथे दुसरा बंदोबस्त करा.

हंगाम संपला की धुवून, वाळवून पात्यांना आणि उघड्या दांड्यांना जुनं इंजिन ऑइल लावा. शाफ्ट काढून सावलीत आडवा ठेवा. रोटाव्हेटर मातीवर टेकवू नका, फळ्यांवर ठेवा. सुट्या भागांची ऑर्डर याच वेळी द्या: एक पात्यांचा सेट, दोन सीलं, एक क्रॉस. ऐन छाटणीच्या दिवसांत सगळ्यांचेच रोटाव्हेटर बिघडतात आणि दुकानात हव्या त्या मापाचं सील मिळत नाही.